जाळीवरची फुलं

लग्नाच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे सुखी माणूस, असं टॅक्सी स्टँडवरच्या बाकीच्यांना वाटायचं. गाडी फुकटात सजवून मिळते, ट्रॅफिक पोलीस शिट्टी मारत नाही, गिऱ्हाईक मागून 'चला लवकर' म्हणत नाही. पुढं बँड वाजतोय, लोक नाचताहेत, आपण आपलं मुंगीच्या पावलानं मागून जायचं आणि वर जेवून यायचं. थंडोबासमोर कोणी असं बोललं की तो वाद घालत नसे. मुळात वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि थंडोबा हे नाव स्टँडवर त्याला त्यापायीच पडलं होतं. रागवायची वेळ आली की तो रुमाल काढून गाडीची काच पुसायला लागे. काच पुसून झाली की शांतपणे विचारी, "माणसाच्या चालीनं मोटार चालवून बघितलीय का कधी? बघ एकदा, मग बोलू."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मोटार पळायला केलेली असते. तिला चालायला लावलं की ती तापते, आणि चिडलेल्या माणसापेक्षा तापलेली मोटार फार वाईट.

थंडोबाकडे जी गाडी होती तिला सगळे म्हातारी म्हणत. लांबरुंद, पांढरी, गोल डोळ्यांची, पुढं चमकणारी रुंद जाळी. तिच्यासारखी दुसरी गाडी गावात उरली नव्हती, म्हणून लग्नाला सगळ्यांना तीच हवी असे. फोटोत शोभून दिसायची. बोनेटच्या आत मात्र तिची सगळी दुखणी थंडोबाला पाठ होती, आणि त्यातलं मोठं दुखणं म्हणजे पाणी.

कोणी खरंच ऐकून घेणारा भेटला, तर थंडोबा त्याला बोनेट उघडून सगळं दाखवत असे. इंजिनाच्या पोटात सारखी आग असते. त्यातली थोडी ताकद चाकांना मिळते, बाकीची नुसती धग. ती बाहेर काढली नाही तर लोखंड वाकडं होतं, वरचं हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं गॅस्केट जळतं, आणि मग गाडी खाटेवर. म्हणून इंजिनाच्या भिंतींच्या आतून पाणी खेळवलेलं असतं. नुसतं पाणी नाही, त्यात कूलंट घातलेलं असतं, त्यामुळे आत गंज धरत नाही आणि उकळीही उशिरा येते. पंप ते पाणी ढकलतो. पाणी धग उचलतं, वरच्या जाड नळीतून रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरता उतरता ती धग वाऱ्यावर सोडून देतं आणि खालच्या नळीतून परत इंजिनात जातं. "पाणी म्हणजे हमाल," थंडोबा सांगायचा. "ओझं उचलायचं, नेऊन टाकायचं, रिकाम्या हातानं परत यायचं. पण टाकायला जागा तर पाहिजे ना? ती जागा म्हणजे वारा."

इंजिन गार असताना पाण्याची वाट अडवून धरणारी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन पुरेसं तापलं की ती आपोआप उघडते. उन्हाळा आला की काही मेकॅनिक ती काढूनच टाकतात, म्हणजे पाणी पहिल्यापासून फिरत राहील. थंडोबाला हे अजिबात पटत नसे. इंजिनालाही कामाला लागायच्या आधी थोडी ऊब लागते, ती त्याला मिळू द्या, असं तो म्हणे. हे बोलताना त्याचा चेहरा एखाद्या लहान मुलाबद्दल बोलावं तसा व्हायचा, आणि स्टँडवरचे हसायचे.

गाडी पळत असली की वारा जाळीतून आपोआप आत शिरतो, कोणाला काही करावं लागत नाही. चालीनं गेली की वारा संपला. मग सगळी भिस्त पंख्यावर, आणि म्हातारीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन रेंगाळलं की पंखाही रेंगाळणार. म्हणून मिरवणूक थांबली की थंडोबा गियर काढायचा आणि ॲक्सिलरेटर हलकासा दाबून धरायचा, म्हणजे पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. सावली दिसली की मिरवणूक तिथंच थांबेल असं काहीतरी करायचा. नाचणारे अगदी बोनेटला टेकायला लागले की एकच छोटा हॉर्न द्यायचा, कारण गर्दीची भिंत झाली की उरलासुरला वाराही अडतो. सगळा वेळ एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा तापमानाच्या काट्यावर. नवरा-नवरी मागं काय बोलत होती, हे त्याला कधीच सांगता आलं नसतं.

पण त्याचे खरे शत्रू फुलवाले. गाडी सजवायला आले की त्यांचा हात आधी जाळीकडे जाणार. फोटो समोरून काढतात, मग फुलं समोरच पाहिजेत, असं त्यांचं साधं गणित. थंडोबाचंही गणित साधं होतं. टपावर बाग लावा, दारांना वेली सोडा, मागं काय वाटेल ते करा, पण जाळीला हात लावायचा नाही. एकदा एका नवऱ्या मुलाच्या मामांनी आवाज चढवला, तेव्हा थंडोबानं काच पुसत पुसत एवढंच सांगितलं, "साहेब, वाफेत फोटो चांगला येत नाही." मामा गप्प बसले. असे कितीतरी मामा आणि कितीतरी काका त्यानं गप्प बसवले होते. जाळीच्या बाबतीत थंडोबा कोणाच्या बापाला भ्यायचा नाही.

भ्यायचा तो फक्त ताईला.

ताईनं त्याला वाढवलं, हे वाक्य लिहायला फार सोपं आहे. आई-वडील एकामागून एक गेले तेव्हा ताई नुकती कुठे जाणती झाली होती आणि हा शाळेत, शर्टाची बटणं वरखाली लावणारा. ताईनं खिडकीशी शिलाई मशीन मांडलं आणि शाळांचे गणवेश शिवायला घेतले. सकाळी याच्या कानामागचा मळ बघायचा, दुपारी मशीन, संध्याकाळी याचा अभ्यास, पुन्हा मशीन. त्यानं पहिल्यांदा टॅक्सी बाहेर काढली त्या दिवशी ती दारात उभी राहिली ती तो परत येईपर्यंत. पुढं त्याचं लग्न झालं, मुलं झाली, मिशीत पांढरे केस आले, तरी तो घरात पाऊल टाकायचा तेव्हा मशीनमागून आवाज यायचा, "हात धुतलेस का रे?" त्याची बायको हसून म्हणायची, "तुम्ही अजून हाफ चड्डीतच आहात त्यांच्या लेखी." बोलायची खरी, पण तीसुद्धा हात धुऊनच आत यायची.

ताईला स्थळं आली नव्हती असं नाही. चांगली आली होती. दर वेळी ती म्हणे, याचं शिक्षण होऊ दे. मग याची नोकरी लागू दे, याचं लग्न होऊ दे, याचं लहान पोर चालायला लागू दे. दर वेळी काहीतरी निघायचंच, आणि नाही निघालं तर ती काढायची. "याला नाही जमायचं माझ्याशिवाय," हे तिचं शेवटचं वाक्य, त्यापुढं कोणी बोलायचं नाही. थंडोबाही मूग गिळून गप्प बसायचा. आपण होऊन 'ताई, तू जा' असं त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं. उगाच झाकून काय ठेवायचं, त्याला ते सोयीचं होतं. ताई नसलेलं घर त्याला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं, आणि जे डोळ्यांसमोर येत नाही त्याचा विचार करायचा आळस माणूस जन्मभर करू शकतो.

मग एके दिवशी बाहेरच्या दाराची किल्ली कुलपातच तुटली. कोपऱ्यावरचे किल्लीवाले आले, त्यांनी तुकडा काढला, नवी किल्ली करून दिली. विधुर गृहस्थ, टक्कल पडलेलं, आवाज इतका हळू की समोरच्यालाही हळू बोलावंसं वाटावं. पुढच्या आठवड्यात कपाटाची किल्ली अडकायला लागली. त्यानंतर मशीनच्या खणाची. थंडोबाच्या बायकोच्या लक्षात आलं की घरातली एकही किल्ली शहाणी राहिलेली नाही, आणि ताई किल्लीवाल्यांच्या टपरीवर जाताना केस विंचरून जातात. शेवटी किल्लीवाल्यांनीच, हातातली कानस बाजूला न ठेवता, विचारलं. ताई म्हणाली, विचार करते. तिनं थंडीचे सगळे दिवस विचार केला. किल्लीवाले थांबले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, हा त्याच्या अगदी उलट माणूस.

उन्हाळा लागला तेव्हा ताई हो म्हणाली आणि लगेच घाबरली. या वयात लोक हसतील, हीच तिची भीती. सह्या करू, चहा घेऊ, झालं, असं तिचं मत. पण ती स्टँडवरच्या सगळ्यांचीही ताईच. कोणाच्या खिशाची उसवलेली शिवण, कोणाच्या मुलीचा गणवेश, तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. सगळे हटून बसले की घरापासून हॉलपर्यंत ताई म्हातारीतून जाईल, आम्ही पुढं चालू, बँडही असेल. तिघा-चौघांनी येऊन गळ घातली तेव्हा ताईनं मशीन थांबवलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुमची हौस मोडत नाही. पण आधीच सांगते. भर रस्त्यात गाडी बंद पडली आणि माझं हसं झालं, तर मी तिथंच उतरेन आणि सरळ घरी येईन. मग लग्न नाही आणि काही नाही. त्यावर मला कोणी एक अक्षर बोलायचं नाही."

सगळ्यांनी थंडोबाकडे पाहिलं. ताई बोलते ते करते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गाडी बंद पडणार नाही," थंडोबा म्हणाला.

त्यानंतर तो म्हातारीच्या मागं हात धुऊन लागला. जुनं पाणी काढून रेडिएटर आतून धुतला, नवं कूलंट भरलं. पंख्याचा पट्टा बदलला, दोन्ही नळ्या दाबून दाबून पाहिल्या, एक जराशी मऊ लागली तीही बदलली. रेडिएटरच्या झाकणाचं रबर नवं आणलं, कारण झाकण घट्ट असलं की आत दाब राहतो आणि दाब असला की उकळी लांबते. एवढं त्यानं कुठल्या श्रीमंताच्या लग्नासाठीही केलं नव्हतं.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ताईनं त्याला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर काहीतरी पसरलेलं होतं. इतक्या वर्षांच्या गणवेशांचे उरलेले तुकडे, निळे, पांढरे, तपकिरी, विटकरी, त्यांची शेकडो छोटी छोटी फुलं. एकेक पाकळी दुमडून शिवलेली. ती सगळी एका जाळीच्या कापडावर घट्ट बसवलेली, आणि चार कोपऱ्यांना बांधायच्या नाड्या. थंडोबा दुपारी झोपला असताना तिनं म्हातारीच्या तोंडाचं माप टेप लावून घेतलं होतं.

"पुढच्या जाळीला," ताई म्हणाली. ती लाजली होती. थंडोबानं तिला लाजताना पहिल्यांदा पाहिलं. "फुलवाल्यांची फुलं उन्हात मान टाकतात रे. ही टाकणार नाहीत. आणि आरपार दिसलं तर बरं दिसत नाही, म्हणून मागून अस्तर लावलंय. डबल."

डबल अस्तर. थंडोबानं कापड हातात घेतलं. त्यातून वाराच काय, प्रकाशसुद्धा गेला नसता. ताईनं जन्मात कधी तकलादू काम केलं नव्हतं.

त्याला म्हणता आलं असतं, ताई, हे टपावर लावू. तिनं ऐकलंही असतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं कापड पुन्हा पलंगावर नीट पसरलं.

"छान आहे," तो म्हणाला.

बायकोनं बाहेर त्याला गाठलं. "सांगा त्यांना," ती म्हणाली. "साऱ्या गावाला सांगता, मग स्वतःच्या बहिणीला सांगायला काय झालं?"

"अंतर थोडं आहे," थंडोबा म्हणाला. "सांभाळून नेतो." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. रात्रभर त्याला मनातल्या मनात काटा चढताना दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलंच तापलं. ताईनं स्वतः शिवलेले गडद निळे कपडे घातले होते. मागच्या सीटवर तिला मळमळतं, म्हणून ती पुढं थंडोबाच्या शेजारी बसली. त्याची बायको आणि मुलं बाकीच्यांबरोबर पुढं चालत निघाली. गाडीत दोघंच. समोर जाळीवर ती फुलं, त्यानं स्वतःच्या हातानं नाड्या आवळून बांधलेली. येणारेजाणारे थांबून बघत होते आणि कोणीही हसत नव्हतं. ताईनं ते दोनदा मान वळवून खात्रीनं पाहिलं आणि मग जरा सैल होऊन बसली.

गल्ली संपेपर्यंत काटा मधोमध होता. बाजाराच्या रस्त्याला वळल्यावर तो हलला. थंडोबानं गियर काढला आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला.

"कशाला ओरडायला लावतोस तिला?" ताई म्हणाली.

"बँडला साथ देतेय."

ताई हसली. काटा थोडा थांबला, मग पुन्हा चढला. पंखा फिरत होता, पण ओढायला वाराच नव्हता, तो अस्तरामागं अडला होता. मिरवणूक एका दुकानापुढं नाचत उभी राहिली. थंडोबानं एक छोटा हॉर्न दिला, लोकांना वाटलं हुरूप आलाय, ते आणखी नाचले. तेव्हा त्यानं शेवटचा उपाय केला. हीटर पूर्ण सोडला.

डॅशबोर्डच्या मागं आणखी एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम पाणी त्यातून जातं आणि थंडीच्या दिवसांत तीच ऊब आत येते. रस्त्यात गाडी तापली की जाणते ड्रायव्हर भर उन्हात तो हीटर लावतात. इंजिनाची तेवढी धग कमी होते, आणि ती आतल्या माणसांनी सोसायची.

"अरे, पायाशी गरम गरम काय येतंय?" ताई म्हणाली.

"ऊन आहे ना."

"ऊन पायाशी कुठून येतं?"

थंडोबानं खिडकीची काच आणखी खाली केली. दोघांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. ताईनं रुमालानं आधी त्याचं कपाळ पुसलं, मग स्वतःचं. मग समोर बघत ती सांगायला लागली. मागच्या खिडकीची कडी उचलून लावावी लागते, नाहीतर ती वाऱ्यानं उघडते. त्याच्या खोकल्याचं औषध वरच्या फळीवर आहे, खालच्या नाही. जाड विजार उसवली आहे, ती तिच्याकडे आणून द्यायची, बाहेर कोणाकडे टाकायची नाही. किल्लीवाल्यांचं घर दोन रस्ते पलीकडे, पण ती समुद्रापार निघाल्यासारखी बोलत होती. थंडोबाला एकेक गोष्ट ऐकवत नव्हती. ताई नसलेलं घर त्याला आता पहिल्यांदाच दिसायला लागलं होतं, त्या खिडकीच्या कडीसकट. सावलीला गाडी थांबवून 'ताई, फुलं काढू या' म्हणायची संधी एकदा आली, आणि तो बोलला नाही. पुन्हा आली, तेव्हाही बोलला नाही. काटा लालमध्ये गेला.

आधी तो गोडसर वास आला, गरम कूलंटचा. मग बोनेटच्या कडेनं वाफेची एक बारीक रेघ, आणि मग फुस्सकन एवढी वाफ की समोरचे नाचणारे दिसेनासे झाले. थंडोबानं इंजिन बंद केलं. बँड एकदम थांबला नाही. एकेक वाद्य गळत गेलं, सगळ्यात शेवटी ड्रम. त्या शांततेत कुठल्याशा दुकानाच्या पायरीवर कोणीतरी मोठ्यानं हसलं.

थंडोबा उतरला, जाड फडक्यानं बोनेट वर केलं. बँडमास्तर मदतीला म्हणून पुढं आला आणि त्यानं झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," थंडोबा ओरडला. त्याला ओरडताना स्टँडवरच्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. सगळे दोन पावलं मागं सरले. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आतला दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

मागं दार वाजलं. ताई खाली उतरली होती.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"बराच. गार झाल्याशिवाय झाकण उघडता येत नाही, आणि गार पाणी आत्ताच ओतलं तर इंजिन तडकेल." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. मग त्यानं बघितलं. "ताई, फुलांनी वारा अडला. मला काल बघताक्षणीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं केली होतीस."

ताईचा चेहरा घामानं भिजला होता, नव्या कपड्यांवर डाग पडले होते, आणि सारा बाजार बघत होता. तिनं हातातला रुमाल घडी करून आत ठेवला आणि ती वळली. घराच्या दिशेनं वळली. दोन पावलं गेलीसुद्धा. थंडोबाची बायको पुढं धावली, पण मध्येच थांबली, कारण ताईला कोणी अक्षर बोलायचं नव्हतं.

त्या क्षणी थंडोबाला काय वाटलं ते सांगायलाच हवं. त्याला बरं वाटलं. ताई घरी चालली होती. संध्याकाळी मशीनमागून आवाज येणार होता, मागच्या खिडकीची कडी तीच लावणार होती. एवढा जीव हलका झाला त्याचा, आणि पाठोपाठ त्याला स्वतःची अशी शरम वाटली की कानशिलं त्या इंजिनापेक्षा गरम झाली.

"ताई," त्यानं हाक मारली.

ती थांबली, पण वळली नाही.

"मला जमेल," तो म्हणाला.

"काय जमेल?"

"तुझ्याशिवाय. घर, पोरं, सगळं. मला जमेल, ताई. तू जा." वाक्य त्यानं पुरं केलं, पण आवाज अर्ध्यातच फुटला. बाजार बघत होता, त्याला त्याचं काही वाटलं नाही.

ताई वळली. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली, लहानपणी त्याचे कान तपासायची तशी, नीट, काही सुटायला नको म्हणून. मग जवळ आली.

"नाही जमायचं तुला," ती म्हणाली. "तुला स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना सापडत नाही."

ते खरंच होतं.

"मुळीच नाही जमायचं," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "पण ते बघायला आता मी थांबणार नाही. चल. गाडी असू दे इथंच."

तापलेली गाडी रस्त्यात सोडून थंडोबा कधी कुठे गेला नव्हता. त्यानं मागं बघितलं नाही. ताईनं त्याचा हात धरला आणि दोघं हॉलच्या दिशेनं भर बाजारातून चालायला लागली. पायरीवरचा तो माणूस पुन्हा हसला असेल किंवा नसेल, ताईनं तिकडे पाहिलं नाही. बँडवाल्यांना काय करावं कळेना. थंडोबाची बायको त्यांच्यावर खेकसली, "वाजवा की," तेव्हा ते घाईघाईनं वाजवायला लागले.

हॉलच्या दारात किल्लीवाले उभे होते. घामानं निथळणाऱ्या दोघांना पाहून ते पायऱ्या उतरून खाली आले आणि आपल्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गाडी कुठे आहे?"

"येईल मागून," ताई म्हणाली, आणि तिनं भावाचा हात सोडला.